निर्णय कोणाचा, सत्य कोणाचे?

मनुष्य दिवसातून किती वेळा ‘हे असे आहे’ असे म्हणतो, याची गणती कोणी करीत नाही. ‘विहिरीला पाणी आहे’, ‘ही पोथी जुनी आहे’, ‘हा गृहस्थ खोटे बोलतो’, ‘माझे काही चुकले नाही’ अशा प्रत्येक वाक्यामागे चित्ताचा एक व्यापार घडून गेलेला असतो. हा व्यापार नुसत्या दिसण्याहून वेगळा आहे आणि नुसत्या कल्पनेहूनही वेगळा आहे. संधिप्रकाशात दूर काहीतरी उभे दिसते. तो खांब की पुरुष, असा संशय येतो. तोवर चित्त दोन्ही पक्षांवर झुलत असते. ‘पुरुषच आहे’ असे म्हटले की झुलणे थांबते आणि चित्त एका पक्षावर उभे राहते. न्यायशास्त्राने सोळा पदार्थांत ‘निर्णय’ हा एक पदार्थ गणला आहे, तो यासाठीच. या उभे राहण्यात जीव काहीतरी स्वीकारतो आणि त्याची जबाबदारी घेतो.

प्रस्तुत लेखाचा प्रश्न असा : हा निर्णय ज्याविषयी आहे, ते त्या निर्णयाच्या आतच असते की बाहेर? ज्ञान आणि ज्ञेय ही शेवटी एकच वस्तू आहे, असे मानणारी विचारसरणी प्राचीन आहे व आजही जिवंत आहे. तिला सोयीसाठी ‘ज्ञानैकवाद’ म्हणू. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न मानणाऱ्या आपल्या शास्त्राला हा वाद मान्य नाही, हे वाचक जाणतातच. परंतु ‘मान्य नाही’ एवढे म्हणून भागत नाही. ज्या मताचे बळ आपण ओळखले नाही, त्याचे खंडन आपण केले असे म्हणता येणार नाही. म्हणून प्रथम पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण सामर्थ्यानिशी मांडू.

पूर्वपक्ष

या प्रश्नासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातच दोन तीरे आहेत. गोदावरीच्या काठी डोमेग्राम आहे. तेथे सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे वास्तव्य झाले. प्रवरेच्या काठी नेवासे आहे. तेथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्याच ज्ञानेश्वरांचा ‘अमृतानुभव’ हा स्वतंत्र ग्रंथ दहा प्रकरणांचा असून त्यातील सातवे प्रकरण अज्ञानखंडनाचे आहे. त्याचा आशय थोडक्यात असा की, अज्ञान नावाची वस्तू सिद्धच होत नाही, आणि पाहणारा, पाहणे व दिसणारे हा सर्व एकाच चैतन्याचा विलास आहे. मराठी भाषेत ज्ञानैकवादाचे याहून प्रखर प्रतिपादन क्वचितच आढळेल.

हा विचार विसाव्या शतकात पुन्हा महाराष्ट्राच्याच भूमीवर नव्या वेषात उभा राहिला. खानदेशात अमळनेर येथे १९१६ साली श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्याने तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. प्रा. मलकानी यांनी त्या संस्थेची धुरा दीर्घकाळ वाहिली व तेथून तत्त्वज्ञानाचे इंग्रजी त्रैमासिक चालविले. १९३३ साली मलकानी, रासविहारी दास व टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून ‘अज्ञान’ याच नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. बंगालचे थोर तत्त्वचिंतक कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा, विषयीचे स्वरूप स्वातंत्र्य हेच होय असे सांगणारा ग्रंथ, १९३० साली याच संस्थेने छापला. पुढे ते काही काळ तिचे संचालकही होते. त्यांच्या म्हणण्याचे सार असे : ‘मी’ हा विषयांच्या रांगेतील आणखी एक विषय नव्हे. खांब जसा जाणला जातो, तसा जाणणारा जाणला जात नाही. प्रथम देहाशी, नंतर मानसिक प्रतिमांशी व विचारांशी असलेले तादात्म्य क्रमाक्रमाने सुटत जाणे, हेच विषयीचे स्वातंत्र्य होय.

पाश्चात्त्य परंपरेत कांट यांनी १७८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुख्य ग्रंथात निर्णयाला असेच मध्यवर्ती स्थान दिले. नुसत्या इंद्रियसंवेदना म्हणजे ज्ञान नव्हे. त्यांना ‘मी विचार करतो’ या एका सूत्रात ओवल्याशिवाय ‘हे अमुक आहे’ असे म्हणताच येत नाही. आजच्या काळात जर्मनीतील लाइपझिग येथील तत्त्वज्ञ सेबास्टियन रोडल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेच सूत्र अधिक ताणले आहे. त्यांच्या मते निर्णय करणे आणि आपण निर्णय करीत आहोत हे जाणणे, या दोन क्रिया नसून एकच क्रिया आहे. आपल्याकडे ज्ञान स्वप्रकाश आहे की त्याला जाणण्यास दुसरे ज्ञान लागते, हा वाद शतकानुशतके झालेला आहे. नैयायिक दुसरे ज्ञान मानतात व त्यास अनुव्यवसाय म्हणतात. प्राभाकर, विज्ञानवादी व वेदान्ती ज्ञानाला स्वप्रकाश मानतात. रोडल हे या वादात स्वप्रकाशवाद्यांच्या पंक्तीला बसतात.

आता पूर्वपक्षाची मुख्य युक्ती पाहा. तुम्ही म्हणता, वस्तू ज्ञानाबाहेर आहे. बरे, ती बाहेर आहे हे तुम्हांस कशाने कळले? ज्ञानानेच. ज्ञान एका पारड्यात व वस्तू दुसऱ्या पारड्यात घालून कोणी कधी तोलली आहे काय? ज्ञानाशिवाय वस्तू हाती लागतच नाही. चूक सुधारते तीही दुसऱ्या निर्णयाने. मुकी वस्तू येऊन ‘तू चुकलास’ असे सांगत नाही. मग ज्ञानाच्या पलीकडची वस्तू मानण्याचे प्रयोजन काय?

ही युक्ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिच्यात दोन गोष्टी निश्चितपणे ग्राह्य आहेत. पहिली ही की, निर्णय हा चित्तात पडलेला दगड नव्हे. तो ‘मी’च्या वाचून होतच नाही. दुसरी ही की, ज्ञान व वस्तू यांच्या बाहेर, दोहोंपासून अलिप्त अशा जागी उभे राहून जीवाला त्यांची तुलना करता येत नाही. एवढे कबूल करूनच पुढे गेले पाहिजे.

उत्तरपक्ष

ज्या दोन गोष्टी नेहमी बरोबर आढळतात त्या एकच असतात, हा नियम सिद्ध नाही. विज्ञानवाद्यांनी म्हटले की, निळा रंग आणि निळ्याचे ज्ञान ही नेहमी एकत्रच उपलब्ध होतात, म्हणून ती अभिन्न होत. यावर स्वतः अद्वैती असलेल्या शंकराचार्यांनीच ब्रह्मसूत्रभाष्यात आक्षेप घेतला. खांब किंवा भिंत पाहणारा मनुष्य आपले ज्ञान पाहतो आहे असे कोणी अनुभवीत नाही. तो खांब पाहतो, भिंत पाहतो. प्रकाशावाचून घट दिसत नाही म्हणून घट प्रकाशाचा केलेला ठरत नाही. ज्ञान हे वस्तूकडे जाण्याचे द्वार आहे. द्वारातूनच जाता येते, एवढ्यावरून घर द्वारात मावत नाही.

येथे पूर्वपक्षी म्हणेल, ‘चूक सुधारते तीही निर्णयानेच, याचे उत्तर तुम्ही दिले नाही.’ त्याचे उत्तर असे. पहिला निर्णय जाऊन दुसरा आला, एवढेच घडले असते, तर त्याला आपण ‘बदल’ म्हटले असते. ‘सुधारणा’ म्हटले नसते. काल मला गूळ आवडत होता, आज आवडत नाही. यात कोणी चुकले असे होत नाही. परंतु काल मी खांबाला पुरुष म्हटले आणि आज खांब म्हणतो, यात काल मी चुकलो होतो असे होते. दोन्ही निर्णय ज्याला उत्तरदायी आहेत असे तिसरे काही मानल्यावाचून ‘चूक’ हा शब्दच निरर्थक होतो. दुसरा निर्णय सत्य सांगतो खरा, परंतु ते सत्य त्याने निर्माण केलेले नसते.

विशेष हे की, ज्ञानैकवाद्यांमधील एका श्रेष्ठ तर्कवेत्त्याने हे स्वमुखाने कबूल केले आहे. ब्रॅडली यांनी १८८३ सालच्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात निर्णयाचे लक्षण केले, त्याचा अभिप्राय असा की, विचारातील आशय त्या क्रियेच्या पलीकडील सद्वस्तूला लावणे म्हणजे निर्णय. ‘क्रियेच्या पलीकडील’ हे विशेषण त्यांना टाळता आले नाही. पुढे १८९३ सालच्या ग्रंथात ती सद्वस्तू म्हणजे अखेर एकच सर्वव्यापी अनुभव होय, असे त्यांनी ठरविले. परंतु ते पाऊल निर्णयाच्या लक्षणातून निघत नाही. ते वेगळे पाऊल आहे, आणि त्या पावलापाशीच आपला मार्ग त्यांच्यापासून वेगळा होतो.

दृष्टांतपाठातील हस्तिदृष्टांत या ठिकाणी आठवावा. केशिराजबासांनी संकलित केलेल्या त्या ग्रंथातला हा दृष्टांत लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. जन्मांध मनुष्य हत्ती पाहावयास गेले. ज्याच्या हाती पाय लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटला, ज्याच्या हाती कान लागला त्याला सुपासारखा. दार्ष्टांतिकात येथे शिरत नाही. केवळ निर्णयाच्या अंगाने पाहू. त्या आंधळ्यांचा स्पर्श खोटा होता काय? मुळीच नव्हता. पाय खरोखरच खांबासारखा होता, कान खरोखरच सुपासारखा होता. खोटे ठरले ते ‘हत्ती असा आहे’ हे वाक्य. स्पर्श पायापुरता होता. निर्णय हत्तीएवढा झाला. जीवाचे अन्यथाज्ञान बहुधा याच रीतीने काम करते. मिळालेले खरे असते आणि त्यावर उभारलेले अधिक असते. हे अधिकपण आंधळ्यांपैकी कोणालाही आपल्या चित्तात पाहून सापडले नसते. त्यासाठी हत्तीकडेच पुन्हा जावे लागले असते, अथवा डोळसाला विचारावे लागले असते.

रोडल यांच्या मतास एक न्याय दिला पाहिजे. ते भिंत चित्तात आहे असे म्हणत नाहीत. ज्ञानाला ‘बाहेर’ नाही, याचा त्यांच्या मते अर्थ असा की, ज्ञान अमुक एका वस्तूपुरते बांधलेले नसून सर्व सत्याला मोकळे आहे. हे वर्णन वाचताना प्रस्तुत लेखकास वाटले की, हे वर्णन चुकीचे नाही, त्याचा पत्ता चुकला आहे. ज्याच्या ज्ञानाला काहीच बाहेर नाही, त्याला आपण सर्वज्ञ म्हणतो. ते नाम आपण एका परमेश्वराचे मानतो. बद्धमुक्त जीव अनादि अविद्येने वेढलेला आहे. त्याच्या ज्ञानाला बाहेर आहे, आणि त्या बाहेरचे भान हाच त्याच्या शहाणपणाचा आरंभ आहे. सर्वज्ञाचे लक्षण जीवाने आपल्या अंगाला लावून घेणे, हीच ज्ञानैकवादातील मूळ अडचण होय.

म्हाइंभटांचा मार्ग

हा केवळ पंडितांचा वाद नाही, हे दाखविण्यासाठी आपल्याच परंपरेतील एक मोठा व्यवहार समोर ठेवतो. सराळेकर म्हाइंभट हे विद्येचा अभिमान बाळगणारे पंडित म्हणून स्वामींपाशी आले आणि तो अभिमान टाकून अनुयायी झाले. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर त्यांनी लीळा संग्रहित करण्याचे कार्य हाती घेतले. मराठीतील पहिले गद्य चरित्र त्यांतून उभे राहिले.

त्यांच्यापाशी विद्वत्ता होती, भक्ती होती, स्वामींचे दर्शनही त्यांना घडले होते. एकांतात बसून ‘माझ्या चित्तात स्वामी जसे आहेत तसे लिहितो’ असे ते म्हणू शकले असते, आणि तो ग्रंथ कदाचित अधिक सुघट झाला असता. परंतु त्यांनी तसे केले नाही. ज्यांनी लीळा पाहिल्या, ऐकल्या, त्यांच्याकडे ते गावोगाव गेले. विचारले, लिहिले, आणि लिहिलेले श्रीनागदेवाचार्यांपुढे ठेवून पडताळून घेतले. पुढे परचक्राच्या काळात मूळ प्रत नष्ट झाल्यावर स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला. तेव्हाही स्मरणांत जे भेद आढळले ते सारेच पुसून टाकले गेले नाहीत; अमक्याचा पाठ असा, तमक्याचा तसा, अशी नोंद पोथ्यांत राहिली.

पाठभेद नोंदविणे ही लहानशी गोष्ट वाटते, परंतु तिच्यात एक संपूर्ण ज्ञानमीमांसा आहे. लिहिणारा म्हणतो, ‘मला असे वाटते, परंतु लीळा माझ्या वाटण्यात घडलेली नाही. ती डोमेग्रामी घडली, प्रतिष्ठानी घडली. मी चुकत असेन, तर दुसऱ्याचे स्मरण मी बुजवू नये.’ सत्य आपल्या ज्ञानातच सामावले आहे असे ज्याला वाटते, तो पाठभेद ठेवीत नाही. आणि विचारावयासही जात नाही.

एक स्वानुभव

हे सर्व मी शास्त्रातून शिकलो असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शास्त्र पाठ होते, तरी चूक घडली. ती सांगणे अवघड आहे, पण उपयोगाचे आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी गोदाकाठच्या एका आश्रमात पोथ्यांची व्यवस्था पाहत होतो. एका जुन्या पोथीची चार पाने नाहीशी झाली. त्याच्या आदल्या संध्याकाळी एक तरुण साधक पोथ्यांच्या खोलीतून काखेत काहीतरी दडविल्यासारखे घेऊन जाताना मी पाहिला होता. पानांची चौकशी करताच मनात ते दृश्य उभे राहिले आणि त्याच क्षणी निर्णय झाला. मी त्याला काहीच बोललो नाही. वडीलधाऱ्यांच्या कानी मात्र घातले. गोष्ट आश्रमात पसरावयास वेळ लागला नाही. तो साधक अबोल झाला, आणि चातुर्मास संपताच दुसऱ्या आश्रमात निघून गेला. त्याचा अबोलपणा मला अपराधाची खूण वाटला. त्याचे जाणे म्हणजे कबुली वाटली.

दोन वर्षांनी पोथ्यांना ऊन दाखविण्यासाठी सर्व रुमाल सोडले. एका भलत्याच पोथीच्या फळ्यांमध्ये ती चार पाने निघाली. त्यांच्यावर पाठ ताडून पाहण्यासाठी घातलेली माझ्याच हस्ताक्षरातील चिठी होती. पाने मीच तेथे ठेवली होती आणि विसरलो होतो.

मी त्या साधकाला शोधीत गेलो व दंडवत घालून क्षमा मागितली. त्याने मला उठविले. म्हणाला, ‘बाबा, त्या दिवशी काखेत माझी भिक्षेची झोळी होती. भिंतीशी वाचीत बसलो होतो, ती तेथेच राहिली म्हणून घ्यावयास गेलो होतो. तुम्ही विचारले असते, तर उघडून दाखविली असती.’ एवढेच तो बोलला. पुढे त्याने तो विषय कधी काढला नाही.

या प्रसंगाकडे तत्त्वदृष्टीने पाहतो तेव्हा दोन्ही पक्षांचे बलाबल मला स्पष्ट दिसते. मी जे पाहिले ते खरे होते. काखेत काहीतरी होते. ‘त्याने पाने नेली’ हा निर्णय मात्र माझा होता. तो मला कोणी करावयास लावला नाही. मी निर्णय करीत आहे हे मला ठाऊक होते; झोपेत घडलेली ती गोष्ट नव्हती. एवढ्यापुरते ज्ञानैकवादी खरे बोलतो, आणि त्याच्या खरेपणामुळेच मला ‘तसे दिसले म्हणून तसे वाटले’ असे म्हणून सुटता येत नाही.

परंतु पुढे पाहा. त्या दोन वर्षांत माझ्या चित्तातील सर्व काही एकमेकांशी जुळत होते. दृश्य जुळत होते, अबोलपणा जुळत होता, निघून जाणेही जुळत होते. विचारांची परस्परसंगती हेच सत्याचे लक्षण असते, तर माझ्या निर्णयाइतका सत्य निर्णय दुसरा नव्हता. आणि ती चार पाने मात्र त्या सर्व काळात दुसऱ्या रुमालात होती. मला ठाऊक नव्हते, त्या साधकाला ठाऊक नव्हते, आश्रमात कोणा जीवाला ठाऊक नव्हते, तरी होती. माझ्या सुसंगत विचाराने ती एक बोटभरही सरकली नाहीत. त्या साधकाचे निरपराधित्वही तसेच होते. ते माझ्या ज्ञानावर अवलंबून असते, तर दोन वर्षे तो खरोखरच चोर झाला असता. असे म्हणण्यास कोणाची जीभ उचलेल?

कोणी म्हणेल, सर्वज्ञाच्या ज्ञानात तर ती होती ना? होय, होती. परंतु यातून पूर्वपक्ष सिद्ध होत नाही; माझे ज्ञान आणि सर्वज्ञाचे ज्ञान एक नाही, एवढेच सिद्ध होते.

निष्कर्ष

तेव्हा शीर्षकातील प्रश्नाचे उत्तर असे : निर्णय माझा, सत्य माझे नव्हे. यातील एक अर्धा धरून दुसरा सोडला की अनर्थ होतो. ‘निर्णय माझा’ हे विसरणारा मनुष्य आपल्या निंदेचा भार परिस्थितीवर, ऐकीव वार्तेवर अथवा डोळ्यांवर टाकतो. ‘सत्य माझे नव्हे’ हे विसरणारा मनुष्य विचारणेच थांबवितो. त्याला झोळी उघडून पाहण्याची गरज वाटत नाही.

आपण अनुसरलेली माणसे आहोत, अथवा उपदेश घेतलेले वासनिक आहोत. खून-दरोडे आपल्या हातून सहसा घडत नाहीत. आपल्या हातून घडते ती मुख्यत्वे निंदा, आणि प्रत्येक निंदेच्या मुळाशी घाईने केलेला एक निर्णय असतो. भिन्नपदार्थवाद केवळ परमतखंडनासाठी पाठ करावयाचा नाही. समोरचा जीव माझ्या ज्ञानाहून भिन्न आहे, माझ्या समजुतीने तो घडत नाही की बिघडत नाही, हे त्या वादाचे रोजच्या आचारातील रूप आहे. ज्याने ते जाणले, तो निर्णय टाळणार नाही, कारण निर्णयाशिवाय धर्माचरण होत नाही. परंतु निर्णयापूर्वी तो विचारील, आणि निर्णयानंतरही पाठभेदाला जागा ठेवील.

तो साधक आता स्वतः एका आश्रमाचा भार वाहतो. आमची भेट होते तेव्हा दंडवत होतात, शास्त्रचर्चा होते. त्या चार पानांवरील चिठी मात्र मी फाडलेली नाही. ती जेथे सापडली, त्याच पोथीत ठेवली आहे. दरवर्षी रुमाल सोडताना आपले अक्षर आपल्याला दिसावे, एवढाच हेतू.

दंडवत प्रणाम.